मुकुंदाला आणायला

मी पिशवीतून तांब्या काढून टेबलावर ठेवला, तशी अन्निकाने तो दोन्ही हातांनी उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला आणि माझ्या गळ्यात पडली. मग तिने तो नळाखाली धरून अर्धा भरला, बरणीतल्या हिरव्या डहाळ्या त्यात खोचल्या आणि खिडकीत ठेवून दिला. मी बघतच राहिले. साताऱ्याच्या बाजारात अण्णांनी पाच दुकानं पालथी घालून, झाकण घट्ट बसतंय ना ते पुन्हा पुन्हा पाहून घेतलेला तांब्या होता तो. बांधायला लाल कापडही बरोबर दिलं होतं. त्यातून मला माझ्या भावाच्या अस्थी न्यायच्या होत्या आणि माझ्या भावजयीने त्याची फुलदाणी करून टाकली.

तिचं तरी काय चुकलं? पाहुणी आली, पिशवीतून वस्तू काढली, टेबलावर ठेवली. कुणालाही ती भेटच वाटणार.

ते जानेवारीचे दिवस होते. स्वीडनच्या पार उत्तरेला लुलेओ नावाचं शहर आहे. मुकुंदा तिथल्या पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर होता. जेवणवेळेच्या सुमाराला थोडा निळसर उजेड यायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत पुन्हा अंधार. समुद्र गोठून मैदान झालेला, त्याच्यावरून माणसं कुत्री फिरवत होती. घराघरांच्या खिडक्यांत कागदी चांदण्या टांगून आत दिवे लावलेले. माझा भाऊ गेला होता म्हणून, नाहीतर मी म्हटलं असतं की गाव मोठं देखणं आहे.

मी जन्मभर टपाल खात्यात नोकरी केली, त्यामुळे इंग्रजी कामापुरतं येत होतं. अन्निकाचंही तसंच. मी तिला विचारलं, मुकुंदाच्या अस्थी कुठे ठेवल्या आहेत? तिला कळेना. मग मी सरळच म्हटलं, "राख. मुकुंदाची राख. मी न्यायला आलेय."

ती समोरच्या खुर्चीत बसली. ती मला ताईच म्हणायची, मुकुंदाचं ऐकून.

"ताई, राख नाहीये," ती म्हणाली. "मुकुंद आहे. रुग्णालयात थंड खोलीत आहे. तुमच्यासाठीच तर थांबलो आम्ही. परवा त्याला निरोप द्यायचाय."

आणि मी माझ्या भावाच्या तेराव्याचं गोड जेवण जेवून आले होते.

झालं होतं ते असं. कारखान्यातच मुकुंदाचं हृदय बंद पडलं आणि अन्निकाचा फोन आला. ती रडत होती, मी रडत होते, फोन मध्येमध्ये तुटत होता. तुम्ही या, वडिलांनाही आणा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, इथलं सगळं उरकलं की मी येते. तिकडे माणूस गेल्यावर महिनाभरसुद्धा थांबतात, लांबच्या माणसांना पोचता यावं म्हणून थांबतात, हे मला कुठून ठाऊक असणार? आणि आपण माणूस जाळल्याशिवायच त्याचा दहावा घालून मोकळे होऊ, असं तिच्या स्वप्नात तरी कसं येणार? गुरुजींनी अण्णांना विचारलं होतं, अग्नी कधी दिला. अण्णा म्हणाले, त्याच दिवशी. गुरुजींनी पुन्हा विचारलं, नक्की ना? तर अण्णा चिडले. "मेलेलं माणूस घरात ठेवून कोण बसतं हो?" म्हणाले. गुरुजींनी पंचांग उघडलं.

आमचे अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांची शिट्टी वाजली की गाडी सुटायचीच, मग कुणी धावत येत असो की हात करत असो. घरातही तोच कारभार. ताटावर बसायला उशीर झाला तर ताट उचललं जायचं. आई म्हणायची, यांना थांबणं म्हणून माहीत नाही. तिने ते कौतुकाने म्हटलं की वैतागून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती बहुधा दोन्ही करत असावी.

दहाव्याला आम्ही संगम माहुलीला गेलो. गुडघे धरलेले असूनही अण्णांनी सगळं स्वतः केलं. पिंड ठेवला आणि बाजूला झालो. समोरच्या पिंपळावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. चुलतभाऊ दत्तू म्हणाला, बायकोची काळजी वाटत असेल. मग सगळ्यांनी हात जोडून सांगितलं, अन्निकाला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, बहिणीत जीव अडकला असेल. मी पुढे होऊन म्हटलं, माझं बरं चाललंय रे बाबा, तू जा. तरी नाही. ऊन चढायला लागलं, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा अण्णा पुढे झाले. आई गेल्यापासून त्यांनी मुकुंदाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ते भिजल्या धोतराने पिंडासमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मुकुंदा, तुला घरी आणतो. आईला सोडलं त्याच पाण्यात सोडतो. शब्द देतो."

आणि कावळा आला. थेट आला, पिंडाला चोच मारून घास घेऊन गेला. अण्णा तिथेच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. "ऐकलं त्यानं माझं," म्हणत होते. "शेवटी ऐकलं." घरी येईपर्यंत तेच. येईल जाईल त्याला सांगत होते. मी व्हिसासाठी धावाधाव करत होते तेव्हा रोज विचारायचे, कधी निघतेस? मी पुण्याला नाही चालले अण्णा, वेळ लागतो, असं म्हटलं की म्हणायचे, त्याला शब्द दिलाय मी.

असा शब्द घेऊन मी लुलेओला आले होते आणि ज्याच्यासाठी कावळा शिवला, तो अजून जळायचाच होता.

दुसऱ्या दिवशी अन्निकाने मला त्याला बघायला नेलं. मला वाटलं होतं बर्फाच्या लादीवर असेल, पण तसं नव्हतं. लहानशी स्वच्छ खोली, मेणबत्ती लावलेली, पेटीत मुकुंदा. निळा स्वेटर घातलेला, केस पांढरे झालेले. त्याचे केस पांढरे झालेत हे मला माहीतच नव्हतं. कपाळावर हात ठेवला तर हिवाळ्यातल्या फरशीसारखं गार. तोंडात घालायला तुळशीचं पान नव्हतं, गंगेचं पाणी नव्हतं. मी तांब्या आणला होता, लाल कापड आणलं होतं. माणसासाठी मी काहीच आणलं नव्हतं. मग मी पदराने उगाचच त्याचा चेहरा पुसला. अन्निका दाराशी पाठ करून उभी होती. तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या, ती म्हणाली. कुणी घाई करत नव्हतं, कुणी उचला उचला म्हणत नव्हतं, आणि मला त्या शांततेत काय करावं ते सुचत नव्हतं.

निरोपाच्या दिवशी प्रार्थनागृहात पांढरी पेटी ठेवली होती, आता झाकण लावलेली. कारखान्यातले लोक आले होते, शेजारी आले होते. पुढच्या रांगेत तीन खुर्च्या. एकीवर अन्निका, एकीवर मी. तिसऱ्या खुर्चीवर एक फूल ठेवलेलं होतं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"वडिलांची," ती म्हणाली. "येऊ शकणार नाहीत हे मला कळलंय आता. पण खुर्ची मी आधीच सांगून ठेवली होती. मग तशीच राहू दिली."

एकेक माणूस उठायचं, पेटीवर फूल ठेवायचं, हळू आवाजात काहीतरी बोलायचं आणि मागे सरायचं. कारखान्यातला एक धिप्पाड माणूस झाकणावर पंजा टेकवून बराच वेळ उभा राहिला. मी फूल ठेवलं आणि मागे सरले. नंतर कोपऱ्यातल्या ऑर्गनवर कुणीतरी काहीतरी वाजवलं आणि सगळे उठून बाहेर निघाले. पेटी तिथेच. मी उठेना, तशी अन्निकाने माझा दंड धरला.

मी विचारलं, अग्नी कोण देणार? ती म्हणाली, दाहिनीवरचे लोक, पुढच्या बुधवारी. मी विचारलं, बरोबर कोण असेल? कुणी नसतं, ती म्हणाली. तिथे कुणी जात नाही.

मग शेजारच्या दालनात कॉफी होती. केकसारखा कापलेला, थराथराचा पाव होता, वर कोळंबी लावलेली. भावाला मागे एकटं टाकून मी कॉफी प्यायले. पहिल्यांदा मला त्या लोकांचा संताप आला. मनात म्हटलं, आम्ही थांबत नाही, पण शेवटपर्यंत सोडत तरी नाही. तुम्ही महिनाभर थांबता आणि ऐनवेळी उठून खायला जाता. पण लगेच तिसरी खुर्ची आठवली आणि माझा तोरा उतरला.

घरी आल्यावर मी मुद्द्याचं काढलं. म्हटलं, माझं तिकीट पुढे ढकलते, काय ते सही-शिक्के करू, पण मुकुंदाला घेतल्याशिवाय मला जाता येणार नाही, अण्णांनी शब्द दिलाय. उद्या तुम्हाला एक जागा दाखवते, एवढंच अन्निका म्हणाली.

तिथे एक गमतीची गाडी असते. खुर्ची, तिला खाली लांब लोखंडी पट्ट्या, मागे उभं राहून पायाने ढकलायची. म्हाताऱ्या बायका बाजारात ती घेऊन जातात. बर्फावरून मी घसरून पडेन म्हणून अन्निकाने मला त्या खुर्चीत बसवलं, मांडीवर घोंगडी टाकली आणि ढकलत निघाली. आदल्या दिवशी नवऱ्याला निरोप दिलेली बाई नणंदेला खुर्चीतून फिरवतेय, हे आमच्या आळीने पाहिलं असतं तर वर्षभर चघळायला पुरलं असतं.

दफनभूमीच्या एका कोपऱ्यात ती थांबली. बर्चची पांढरी झाडं, गुडघाभर बर्फ आणि मधोमध एक मोठा दगड. दगडावर काही लिहिलेलं नव्हतं. त्याच्याभोवती बर्फात काचेच्या कंदिलांतून मेणबत्त्या जळत होत्या.

"इथे नाव नसतं," अन्निका म्हणाली. "राख इथे मातीत ठेवतात, पण नेमकी कुठे ते घरच्यांनाही सांगत नाहीत. ठेवताना कुणी हजर नसतं. आता जमीन गोठलीय, त्यामुळे मे महिन्यात ठेवतील. मुकुंद आणि मी रविवारी इकडे फिरायला यायचो. त्याने मला सांगून ठेवलंय, मला इथे ठेव."

"निनावी?"

"हो. मी त्याला विचारलं होतं, तुझ्या नदीचं काय? तर त्याने मला तुमच्या आईचं सांगितलं."

आईचं मी जवळून पाहिलं होतं.

आई मे महिन्यात गेली होती. मुकुंदाचा लगेच फोन आला, मी निघालोय, दोन दिवस थांबा, बर्फ आणा, काहीही करा, मला तिचं तोंड बघू द्या. मी अण्णांच्या हातापाया पडले. अण्णा म्हणाले, "बर्फात ठेवायला हे काय त्याचं स्वीडन आहे? आपल्यात थांबत नाहीत." आणि मला म्हणाले, बायकांनी यात बोलायचं नाही. तासाभरात आईला नेलं. बरं, ते एक वेळ समजून घेता आलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायची होती. मुकुंदा पुण्याहून ज्या गाडीत बसला होता, ती स्टँडवर कधी लागते हे अख्ख्या साताऱ्यात अण्णांइतकं कुणाला माहीत नव्हतं. दत्तू म्हणालाही, काका, पोरगा आलाच आता, थोडं बसू. अण्णांनी हातातलं घड्याळ पाहिलं आणि मडकं उचललं. मुकुंदा स्टँडवरून रिक्षाने थेट नदीवर आला. खांद्यावर बॅग, अंगात लोकरी कोट तसाच. अण्णा ओलेत्याने पायऱ्या चढून वर येत होते.

"झालं?" मुकुंदाने विचारलं.

"झालं," अण्णा म्हणाले.

तो कोट घालून भर उन्हात पाण्याकडे बघत उभा राहिला. आईचं तोंड नाही आणि राखही नाही. घरी येऊन आईच्या जागी लावलेल्या दिव्याला नमस्कार केला, माझ्या हातचं एक वेळ जेवला आणि गेला. परत आला नाही.

"तो रागावला नव्हता," अन्निका म्हणत होती. "तो म्हणायचा, माझ्यासाठी कुणी धावत यायला नको. या जागेवर कुणाला उशीर होत नाही."

ती भली बाई, तिला ते तसं वाटलं. पण माझा भाऊ मला माहीत आहे. ताटावरून उठवलं तर तो दुसऱ्या दिवशीही जेवायचा नाही. हा राग होता, चांगला जपून ठेवलेला राग. आणि अण्णा त्याला घरी आणायला निघाले होते, म्हणजे या वेळीही त्याला न विचारता.

अन्निकाने एक कंदील उघडून विझलेली मेणबत्ती पुन्हा लावली. मग माझ्यासमोर बर्फातच उकिडवी बसली.

"त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, ताई. फक्त मला सांगितलंय. त्यामुळे आता ठरवायचं मलाच आहे. तुमची नदी मी एकदाच पाहिलीय. तुम्ही त्याला माझ्या आधीपासून ओळखता. तुम्ही सांगा, त्याला तिकडे यायला आवडलं असतं. तेवढं म्हणा, मी सही करते आणि राख तुमच्याकडे पाठवते."

एका वाक्याचा प्रश्न होता. अण्णांचा शब्द राहिला असता, माहुलीला चार माणसं जमली असती, माझीही मान वर राहिली असती. थंडीने माझे डोळे वाहत होते आणि कुठलं पाणी कशाचं ते मलाच कळत नव्हतं. मी त्या कोऱ्या दगडाकडे पाहिलं. मग कोट घालून पायरीवर उभा असलेला तो मला दिसला.

"नाही," मी म्हटलं. "त्याला आवडलं नसतं."

अन्निकाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वेळ ते मी पाहिलं नाही.

निघायच्या दिवशी तिने खिडकीतला तांब्या काढला, डहाळ्या परत बरणीत ठेवल्या, आतून-बाहेरून पुसून कोरडा केला, झाकण लावलं आणि लाल कापडात नीट गाठ मारून माझ्या हातात दिला. हा तुम्हाला लागेल ना, म्हणाली. फुलदाणी म्हणून ठेवून घे, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी तो घेतला. अण्णांच्या हातात द्यायलाच घेतला असणार.

साताऱ्याला पोचले तेव्हा अण्णा फाटकाशी काठी टेकून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. अंगावर धुतलेलं धोतर. सकाळी नदीवर यायचं गुरुजींना सांगून ठेवलं होतं, दत्तूला गाडी सांगितली होती. मी अजून चपला काढते तोवर त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी तांब्या दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि गाठीवर हनुवटी टेकवली.

"हलका लागतोय गं," मग म्हणाले. "एवढाच राहिला?"

"रिकामा आहे, अण्णा."

त्यांना ओसरीवर बसवून मी सगळं सांगितलं. थंड खोली सांगितली, तिसरी खुर्ची सांगितली, नाव नसलेला दगड सांगितला. अन्निकाने मला विचारलं आणि मी नाही म्हटलं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. तांब्या मांडीवर घेऊन, त्याच्या झाकणावरून बोट फिरवत ऐकत राहिले.

"अग्नी कधी दिला मग?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही दिला. येत्या बुधवारी देतील."

त्यांनी भिंतीवरच्या मुकुंदाच्या फोटोकडे पाहिलं. हार वाळून गेला होता. जन्मभर गाड्यांच्या वेळा जुळवलेला माणूस, पण हा हिशोब त्यांना काही लागेना.

"म्हणजे आपण दहावा घातला तेव्हा..."

"तेव्हा तो तिथे होता. वाट बघत होता. आपली."

"असं कसं?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पार बारीक झाला होता. "कावळा शिवला होता, कुमुद. तू होतीस की तिथं. मी त्याला बोललो आणि तो आला. सगळ्यांनी बघितलं. मी बोललो म्हणून आला."

तोवर मी अण्णांना कधी उलट बोलले नव्हते. अण्णा जाऊनही आता वर्षं झाली, तरी ते वाक्य मला परत घ्यावंसं वाटत नाही.

"कावळ्याला भूक लागली होती, अण्णा," मी म्हटलं.